ऑनलाइन खरेदी आणि लिलाव: भरवसा कोणावर, किती आणि कशाच्या आधारावर

ऑनलाइन खरेदीत वस्तू हातात येण्याआधी पैसे हातातून जातात. या क्षेत्रातली सगळी भीती, सगळी फसवणूक आणि ती रोखण्यासाठी उभारलेल्या सगळ्या सोयी या एका गोष्टीतून जन्मल्या आहेत. विक्रेत्याला माल माहीत असतो, तुम्हाला फक्त फोटो आणि वर्णन दिसतं.

या विषमतेचं काय होतं, ते अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं. चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर तो सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगले विक्रेते बाजारातून निघून जातात आणि खराब मालाचं प्रमाण वाढत जातं. या कामासाठी त्यांना २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. हा तर्क पाहिला तर अनोळखी माणसांमधला ऑनलाइन बाजार टिकायलाच नको होता. तरीही १९९५ साली पिएर ओमिद्यार यांनी सुरू केलेलं लिलावाचं संकेतस्थळ, पुढे ज्याचं नाव ईबे झालं, टिकलं आणि वाढलं. पुढच्याच वर्षी तिथे खरेदीदार आणि विक्रेत्यांनी एकमेकांबद्दल जाहीर शेरा लिहायची सोय आली. आज प्रत्येक साइटवर दिसणारे स्टार आणि रिव्ह्यू त्याच वाटेने आले आहेत.

विक्रेता सज्जन आहे की नाही, हे पडद्यावरून कळत नाही आणि कळायची गरजही नाही. पैसे देण्याआधी शोधायचं ते वेगळं आहे: व्यवहार फिसकटला तर नुकसान कोणाच्या अंगावर पडेल? पुढची प्रत्येक पायरी याच प्रश्नाचं उत्तर मिळवण्यासाठी आहे.

पायरी पहिली: विकतंय कोण, ते आधी पाहा

मोठ्या साइटवर वस्तू दिसली म्हणजे ती साइटच विकते आहे, असं नसतं. बहुतेक मोठ्या बाजारपेठांमध्ये तीन प्रकार असतात. काही माल साइट स्वतः विकते. काही माल बाहेरचा विक्रेता विकतो, पण साठवण आणि पाठवणी साइट सांभाळते. आणि काही बाबतीत विक्रीही त्याची, पाठवणीही त्याची. साइट फक्त जागा देते. परत घेण्याचे नियम, तक्रारीचा मार्ग, वॉरंटी, हे सगळं या फरकावर ठरतं. वस्तूच्या पानावर ‘विक्रेता’ आणि ‘पाठवणारा’ अशा ओळी लहान अक्षरांत असतात. त्या वाचल्याशिवाय खरेदीचं बटण दाबू नका. एकाच पानावर एकाच वस्तूचे अनेक विक्रेते असू शकतात आणि रंग किंवा आकार बदलला की विक्रेताही बदलू शकतो, म्हणून हे शेवटच्या क्षणी पुन्हा एकदा तपासा.

विक्रेत्याच्या नावावर क्लिक केलं की त्याचं पान उघडतं. तिथे पूर्ण पत्ता, नोंदणीकृत नाव आणि तो आणखी काय विकतो, हे दिसायला हवं.

पायरी दुसरी: अनोळखी वेबसाइटची झडती

पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप पाहून निर्धास्त होणारे लोक अजून फार आहेत. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या फोनपासून त्या सर्व्हरपर्यंतचा मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही. सर्व्हर चोराचा असेल, तर तुमची माहिती चोरापर्यंत सुरक्षितपणे पोचते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने २०१५ पासून अशी प्रमाणपत्रं फुकट द्यायला सुरुवात केली. वेबसाठी ते फार चांगलं झालं, पण त्यामुळे कुलूप कोणालाही काही मिनिटांत मिळतं.

पत्ता वाचताना उजवीकडून वाचायची सवय लावा. ‘https://’ नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी जे नाव आणि त्याचं शेपूट (.com, .in वगैरे) असतं, तेच खरं डोमेन, म्हणजे साइटचं खरं नाव. त्याच्या डावीकडे टिंब देऊन प्रसिद्ध कंपनीचं नाव कितीही मोठं लिहिलेलं असलं, तरी ते कोणीही लिहू शकतं. एखादं अक्षर बदललेलं, मध्ये आडवी रेघ घातलेली, शेपूट निराळं असलेली नावं मुद्दाम घेतली जातात. म्हणून जाहिरातीतल्या किंवा मेसेजमधल्या लिंकवरून खरेदीला जाऊ नका. पत्ता स्वतः टाइप करा किंवा कंपनीचं ॲप उघडा. शोधयंत्राच्या निकालात सगळ्यात वर दिसणारी ओळही अनेकदा पैसे भरून लावलेली जाहिरात असते.

साइट अगदीच अनोळखी असेल तर आणखी तीन गोष्टी कराव्यात. डोमेन कधी नोंदलं गेलं, हे ‘हूइज’ या मोफत सोयीने कळतं. वीस वर्षांची परंपरा सांगणाऱ्या दुकानाचं डोमेन दोन महिन्यांपूर्वीचं असेल, तर तिथून निघा. मग ‘आमच्याविषयी’ या पानावरचं एखादं लांब वाक्य अवतरणात टाकून शोधा. तेच वाक्य वेगवेगळ्या नावांच्या साइटवर सापडलं, तर एकाच साच्यातून काढलेली दुकानं तुमच्यासमोर आहेत. शेवटी वस्तूचा फोटो उलट शोधात, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या सोयीत टाका. वापरलेली वस्तू म्हणून दाखवलेला फोटो दुसऱ्याच कोणाच्या जुन्या जाहिरातीतून उचललेला आहे, हे अशाने लगेच उघड होतं.

परतीचं पान जरूर वाचा. माल परत कुठे पाठवायचा आणि त्याचा खर्च कोणी करायचा, हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर परतीची हमी कागदावरच आहे असं समजा. दूरदेशी स्वखर्चाने परत पाठवायचं असेल, तर तो खर्च वस्तूच्या किमतीइतका होतो आणि माणूस नाद सोडतो. काही विक्रेते नेमके याच हिशेबावर चालतात.

पायरी तिसरी: रिव्ह्यू वाचायची रीत

सरासरी स्टारचा आकडा हा रिव्ह्यूंमधला सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे. नान हू, पॉल पावलू आणि जी झांग या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की ऑनलाइन रिव्ह्यूंचा आलेख मध्ये फुगलेला नसतो. पाच स्टारचा ढीग उंच, एक स्टारचा त्याहून लहान, आणि मधले जवळजवळ रिकामे. कारण सोपं आहे. मुळात ज्यांना वस्तू आवडण्याची शक्यता असते तेच ती घेतात, आणि घेतल्यावर लिहायला बसतात ते फार खूश झालेले किंवा फार चिडलेले. ‘ठीक आहे’ म्हणणारा माणूस लिहीत नाही. अशा आलेखाची सरासरी कोणाचाच अनुभव सांगत नाही.

म्हणून दोन, तीन आणि चार स्टारचे रिव्ह्यू आधी वाचा. तिथे लिहिणाऱ्याने गुण-दोष दोन्ही तोललेले असतात. एक स्टारचे रिव्ह्यू वाचताना तक्रार कशाबद्दल आहे ते वेगळं काढा: पार्सल उशिरा आलं, वस्तू मुळातच खराब आहे, की घेणाऱ्याने मापच चुकीचं निवडलं? एकच दोष वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या महिन्यांत, आपापल्या शब्दांत लिहिला असेल तर तो दोष खरा समजा. चार्जिंगची जागा तीन महिन्यांत सैल होते, असं आठ जणांनी लिहिलेलं असेल, तर पाचशे पाच-स्टार त्याला खोडू शकत नाहीत. ते पाचशे जण बहुधा पहिल्या आठवड्यात लिहून मोकळे झालेले असतात.

क्रम ‘सर्वात नवे’ असा लावा. कंपन्या तेच नाव ठेवून आतला माल बदलतात, आणि मग दोन वर्षांपूर्वीचं कौतुक आजच्या वस्तूबद्दल नसतंच. याहून वाईट प्रकार म्हणजे जुन्या, चांगले रिव्ह्यू मिळवलेल्या पानावर भलतीच वस्तू चढवणं. खाली वाचत गेलात आणि हेडफोनच्या पानावर कोणी पडद्याच्या कापडाचं कौतुक करताना दिसलं, तर तिथली सगळी सरासरी बाद धरा.

खोटे रिव्ह्यू एकेकटे ओळखणं अवघड असतं, आणि आता यंत्राकडून सफाईदार मजकूर लिहून घेता येत असल्याने भाषेवरून ओळखणं तर जवळपास अशक्य झालं आहे. घोळक्यात मात्र ते अजूनही उघडे पडतात. एकाच आठवड्यात अचानक आलेली लाट, वस्तूचं पूर्ण अधिकृत नाव प्रत्येक रिव्ह्यूत, आणि लिहिणाऱ्यांच्या खात्यावर बाकी सगळ्यांनाही पाचच स्टार, अशा खुणा शोधा. ‘खरेदीची खात्री झालेली’ ही चिठ्ठी उपयोगाची आहे, पण तिच्यावर विसंबू नका. काही विक्रेते अनोळखी पत्त्यांवर न मागवलेली क्षुल्लक पार्सलं पाठवतात. ऑर्डर कागदोपत्री पूर्ण होते, आणि मग त्या नावाने ते स्वतःच खात्रीचा रिव्ह्यू लिहितात. तुमच्या घरी न मागवलेलं पार्सल आलं, तर तुमचं नाव आणि पत्ता अशा कोणाच्या तरी हाती आहे. साइटला कळवा आणि पासवर्ड बदला.

संख्येचाही विचार करा. सहा जणांचे मिळून पाच स्टार आणि दोन हजार जणांचे मिळून साडेचार, यात दुसरा आकडा कितीतरी भक्कम आहे. सहा जण म्हणजे विक्रेत्याचे मित्रही असू शकतात.

पायरी चौथी: विक्रेत्याची पत

लिलावाच्या आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात वस्तूचे रिव्ह्यू नसतातच, कारण प्रत्येक वस्तू एकमेव. तिथे विक्रेत्याचा इतिहास वाचावा लागतो. पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी ईबेच्या नोंदी तपासल्या तेव्हा खरेदीदारांनी दिलेल्या शेऱ्यांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त चांगले निघाले. जवळपास निम्म्या व्यवहारांत मात्र खरेदीदाराने काहीच लिहिलं नव्हतं.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सगळेच शंभराच्या जवळ असतात, तेव्हा ९८ आणि ९९.५ यांतला फरक मोठा असतो. पहिल्याकडे शंभरात दोन नाराज, दुसऱ्याकडे दोनशेत एक, म्हणजे चौपट अंतर. दुसरी गोष्ट, गप्प बसलेले लोकही काही सांगत असतात. भांडण नको, उलट वाईट शेरा मिळायला नको, म्हणून नाखूश ग्राहक पुष्कळदा लिहितच नाही. हीच भीती कमी करण्यासाठी ईबेने २००८ साली विक्रेत्यांचा खरेदीदाराला वाईट शेरा देण्याचा हक्क काढून घेतला. विक्रीचा एकूण आकडा दिसत असेल तर चांगल्या शेऱ्यांशी ताडून पाहा. हजार विक्रींवर दीडशेच शेरे असतील, तर थोडं सावध व्हा.

चांगल्या नावाला रोख किंमत असते. रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या पोस्टकार्डांचा प्रयोग केला. एकाच अनुभवी विक्रेत्याने सारखाच माल कधी आपल्या जुन्या नावाने, कधी नव्या कोऱ्या नावांनी विकला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार जुन्या नावाला खरेदीदार सुमारे ८ टक्के जास्त द्यायला तयार होते. ही जादा कमाई गमवायची नसते, म्हणून जुना विक्रेता सरळ वागतो. पण ज्या गोष्टीला किंमत असते ती चोरलीही जाते. जुनी, चांगल्या शेऱ्यांची खाती विकत घेतली जातात किंवा फोडली जातात. नाहीतर वर्षभर किरकोळ वस्तू इमानदारीने विकून नाव कमावलं जातं आणि मग एकदम दहा महागडे कॅमेरे लावून विक्रेता गायब होतो. म्हणून शेरे किती आहेत एवढंच पाहू नका, ते कोणत्या वस्तूंसाठी आणि कधी मिळाले ते पाहा. आजवर फक्त मोबाइलची कव्हरं विकणारा आज लॅपटॉप विकत असेल, तर त्या शेऱ्यांचा लॅपटॉपशी काही संबंध नाही.

थेट प्रश्न विचारून पाहा. वापरलेल्या वस्तूसाठी एक खास फोटो मागा: अनुक्रमांकाचा, किंवा आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून काढलेला. वस्तू खरोखर हातात असलेल्या माणसाला याला दोन मिनिटं लागतात.

पायरी पाचवी: पैसे देण्याची पद्धत

इथे मी सगळ्यात जास्त आग्रही आहे. वरच्या चारही पायऱ्यांत चूक झाली तरी पैसे देण्याची पद्धत बरोबर असेल, तर नुकसान भरून येण्याची वाट उघडी राहते. पद्धत चुकली तर बाकी सगळी काळजी वाया जाते.

प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारा: पैसे परत खेचता येतात का? क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात माल आलाच नाही किंवा वर्णनाप्रमाणे नसेल, तर बँकेमार्फत वाद उभा करून रक्कम परत मागता येते. त्यासाठी ठराविक मुदत असते. मध्यस्थाकडे पैसे राखून ठेवायची पद्धतही भक्कम आहे. चीनमध्ये ताओबाओ या खरेदी-विक्रीच्या साइटवर अनोळखी लोक एकमेकांना पैसे द्यायला कचरत होते, ती अडचण अलीपे या पैसे देण्या-घेण्याच्या सेवेने अशीच सोडवली: पैसे मधल्या खात्यात थांबतात, माल मिळाल्याचं खरेदीदाराने सांगितलं की विक्रेत्याला सुटतात. त्यात खरेदीदाराने पाळायची गोष्ट एकच. पार्सल उघडून वस्तू चालवून पाहिल्याशिवाय ‘मिळालं’ हे बटण दाबायचं नाही, विक्रेता कितीही गयावया करो.

थेट बँक ट्रान्सफर, गिफ्ट कार्डाचे आकडे, क्रिप्टो चलन, हे सगळं एकदा गेलं की बहुतेक वेळा गेलंच. अनोळखी विक्रेता यांचाच हट्ट धरत असेल तर तिथेच थांबा. पेपलवर मित्र आणि कुटुंबीयांना पैसे पाठवायचा एक पर्याय असतो. शुल्क वाचेल म्हणून विक्रेते तो सुचवतात. त्या पर्यायाला खरेदीदाराचं संरक्षण लागू होत नाही. वाचलेल्या शुल्काच्या बदल्यात तुम्ही सगळं संरक्षण सोडून देता.

साइटबाहेर व्यवहार करू म्हणणाऱ्याचंही तसंच. ‘कमिशन वाचेल, तुम्हाला स्वस्तात देतो, या नंबरवर बोलू’ असं म्हणत फसवणारे लोक तुम्हाला तक्रारीच्या यंत्रणेपासून दूर नेतात. बोलणंही साइटच्या मेसेजमध्येच ठेवा, कारण वाद झाला तर साइट तेवढंच वाचते. विक्रेत्याने स्वतः सुचवलेली ‘मध्यस्थ सेवा’ वापरू नका; खोट्या मध्यस्थांच्या साइट खास यासाठीच उभारल्या जातात.

माल आल्यावर रोख देण्याची पद्धत सुरक्षित वाटते, पण बंद खोक्याचे पैसे देणं म्हणजे मालाचे पैसे देणं नव्हे. उघडून पाहायची मुभा असेल तरच तिचा फायदा.

तुम्ही विक्रेते असाल तर उलट बाजूही जपा. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही. ठरल्यापेक्षा जास्त रक्कम ‘चुकून’ पाठवली असं सांगून फरक परत मागणारा खरेदीदार बहुधा एक बनावट पावती दाखवत असतो. मेसेज किंवा मेलवर विश्वास न ठेवता आपलं खातं स्वतः उघडून पाहा.

पायरी सहावी: घाई कोण करवतंय?

‘फक्त २ शिल्लक’, ‘११ जण आत्ता पाहत आहेत’, उलट चालणारं घड्याळ. यातलं काही खरं असतं, पुष्कळसं नसतं. ग्राहकाला नको त्या निर्णयाकडे ढकलणाऱ्या अशा मांडणीला हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं आणि तेव्हापासून त्यावर नियमही होऊ लागले. घड्याळ खरं आहे का हे तपासायला सोपी युक्ती आहे: तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये, लॉग-इन न करता उघडा. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, तर ते सजावटीचं आहे.

काट मारलेली मोठी किंमत मनात खुंटीसारखी बसते आणि तिच्या तुलनेत सगळंच स्वस्त वाटतं. युरोपीय संघात २०२२ पासून सवलत जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वात कमी किंमत दाखवणं बंधनकारक आहे, ते याच कारणाने. जिथे असा नियम नाही, तिथे किमतीचा इतिहास दाखवणाऱ्या सोयी वापरा, किंवा वस्तू यादीत टाकून दोन आठवडे पाहत राहा. आणि तुलना नेहमी शेवटच्या रकमेची करा. पाठवणीचा खर्च, हाताळणी शुल्क, आपोआप टिचकी पडलेला विमा, हे सगळं पैसे भरायच्या पानावर एकेक करून उगवतं. तोवर नाव-पत्ता भरून झालेला असतो आणि माणूस मागे फिरायला कंटाळतो.

पायरी सातवी: लिलाव

लिलावात फसवणारा माणूस नसतानाही फसायला होतं, म्हणून ही पायरी लांब आहे.

आधी यंत्रणा समजून घ्या. बहुतेक साइटवर तुम्ही तुमची कमाल रक्कम गुप्तपणे टाकता आणि यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवत जाते. तुमची कमाल १,०००, दुसऱ्याची ८०० आणि वाढीचा टप्पा १० असेल, तर वस्तू तुम्हाला ८१० ला मिळते. म्हणजे किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवरून ठरते. अशा रचनेचा पाया अर्थतज्ज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ साली मांडला. १९९६ साली त्यांना नोबेल मिळालं. तिचा गुण असा की खरी कमाल रक्कम लिहिण्यात तुमचं नुकसान नाही. कमी लिहिली तर परवडणारी वस्तू हातची जाते, जास्त लिहिली तर परवडत नसलेली गळ्यात पडते.

तेव्हा कमाल रक्कम लिलाव सुरू असताना ठरवू नका. आधी तीच वस्तू नक्की किमतीला कुठे मिळते ते पाहा, आणि नुकत्याच संपलेल्या लिलावांच्या अंतिम किमती पाहा. विकायला लावलेल्या किमती नव्हे; मागणारा काहीही मागतो. त्यातून पाठवणीचा खर्च आणि वस्तू परत न घेतली जाण्याची जोखीम वजा करा. जो आकडा उरेल तो कागदावर लिहा.

हे अनावश्यक वाटत असेल, तर उलरिके मालमेंडिअर आणि यंग हान ली यांचा २०११ चा अभ्यास लक्षात घ्या. त्यांनी ईबेवरचा एक खेळ निवडला, जो त्याच वेळी त्याच साइटवर नक्की किमतीलाही मिळत होता. तरीही ४२ टक्के लिलावांत अंतिम बोली त्या नक्की किमतीच्या वर गेली. हे लोक बुद्दू नव्हते. बोलीत उतरल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहणं थांबवलं होतं, एवढंच. काही तास आपली बोली सर्वांत वर राहिली की वस्तू आपलीच वाटू लागते, आणि मग कोणी वर चढलं की ते आपल्याकडून काहीतरी हिसकावतंय असं वाटतं. ‘तुमची बोली मागे पडली’ हा मेसेज आला की फोन खाली ठेवा. कागदावरचा आकडा ओलांडला गेला असेल तर ती वस्तू दुसऱ्याची.

कमी सुरुवातीच्या किमतीने हुरळू नका. तळाशी सुरू होणारा लिलाव पुष्कळ लोकांना आत ओढतो आणि गर्दी पाहून आणखी गर्दी होते. तन्जीम हुसेन आणि जॉन मॉर्गन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सुरुवातीची बोली कमी ठेवून पाठवणीचा खर्च जास्त लावला की अनेक वेळा विक्रेत्याची एकूण कमाई वाढली. खरेदीदार बोली पाहत होते, पाठवणी पाहत नव्हते.

शेवटच्या काही सेकंदांत बोली लावावी का? ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली ईबे आणि तेव्हाच्या ॲमेझॉनच्या लिलावांची तुलना केली. ईबेवर वेळ ठरलेल्या क्षणी संपत होती. ॲमेझॉनवर शेवटी बोली आली की मुदत वाढत होती. उशिराच्या बोल्या ईबेवर कितीतरी जास्त होत्या, आणि त्यातही संगणकांपेक्षा पुराणवस्तूंमध्ये जास्त. जाणकाराने लवकर बोली लावली तर ‘ही वस्तू अस्सल आहे’ हे सगळ्यांना फुकट कळतं, म्हणून तो थांबतो. माझं मत: ठरलेल्या वेळी संपणाऱ्या लिलावात दुर्मीळ वस्तूसाठी उशिरा बोली लावणं शहाणपणाचं आहे, कारण इतरांना तुमच्याशी चुरस करायला वेळच मिळत नाही. रक्कम मात्र आधीच ठरवलेली असावी. जिथे मुदत वाढते तिथे या युक्तीचा उपयोग नाही.

ज्या वस्तूचं खरं मोल कोणालाच नक्की माहीत नाही, जसं की न तपासलेलं जुनं यंत्र किंवा अनिश्चित अस्सलतेचं चित्र, तिथे जिंकणारा तोच, ज्याने सर्वांत जास्त अंदाज बांधला. म्हणजे बहुधा चुकून जास्त बांधलेला. तेलक्षेत्रांच्या लिलावात कंपन्यांना तोटा का होतो, हे शोधताना तीन अभियंत्यांनी १९७१ साली हे मांडलं. अशा लिलावात बोली लावणारे जितके जास्त, तितकी आपली कमाल खाली आणायची. मनाला हे उलटं वाटतं, कारण गर्दी पाहून वस्तू मोलाची वाटते.

खोट्या बोल्या चढवणारे विक्रेत्याचेच साथीदार असू शकतात. बोलींची यादी उघडा. एखादं खातं याच विक्रेत्याच्या लिलावांत वारंवार दिसतं, नेहमी लवकर बोली लावतं, कधीच जिंकत नाही, अशी चिन्हं दिसली तर बाहेर पडा आणि साइटला कळवा. लिलाव हरल्यावर ‘जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुम्हाला देतो’ असा मेसेज आला, तर तो साइटच्या आत, तुमच्या खात्यात दिसतोय का ते पाहा. मेलवर आलेली अशी दुसरी संधी बनावट असू शकते.

पायरी आठवी: पार्सल आल्यावर

ऑर्डर देतानाच वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, वर्णनासकट. वाद झाल्यावर ते पान बदललेलं किंवा नाहीसं झालेलं असतं. महागडं पार्सल उघडताना एकसलग व्हिडिओ काढा: आधी पत्त्याची चिठ्ठी आणि चिकटपट्टी सर्व बाजूंनी, मग उघडणं, मग अनुक्रमांक, मग चालू करणं.

काही बिघडलं तर विक्रेत्याला एकदा साइटच्या मेसेजमधून लिहा, दोन-तीन दिवस थांबा आणि मग अधिकृत वाद दाखल करा. विक्रेते गोड बोलून मुदत संपवतात: माल कस्टममध्ये अडकलाय, अजून आठवडा थांबा, वाद मागे घ्या म्हणजे लगेच पैसे देतो. एकदा मागे घेतलेला वाद बहुतेक ठिकाणी पुन्हा उघडता येत नाही. पैसे खात्यात दिसेपर्यंत तो बंद करू नका. अर्धवट परतावा देऊ केला तर दुरुस्तीचा खरा खर्च काढा आणि मगच होकार द्या. पार्सल ‘पोचलं’ असं दाखवत असेल पण तुम्हाला मिळालं नसेल, तर कुरिअरकडे पोचल्याचा पुरावा मागा. कधी कधी त्याच शहरातल्या भलत्याच पत्त्यावर रिकामं पाकीट पाठवून ट्रॅकिंग पूर्ण केलेलं असतं.

फसवणूक झालीच असेल तर पहिला फोन बँकेला किंवा कार्ड कंपनीला, त्याच तासात. मग साइटवर तक्रार, मग पोलिसांच्या सायबर विभागात नोंद, आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथे बदल. त्यानंतरच्या आठवड्यांत ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडं शुल्क भरा’ म्हणणारा कोणी भेटेल. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि हा माणूस त्याच यादीवरून आलेला असतो. त्याला काही देऊ नका.

व्यवहार नीट पार पडला तरी शेरा लिहा, पण वस्तू महिनाभर वापरून झाल्यावर. किती दिवस वापरली, कशासाठी वापरली, काय झिजलं, परत केली असेल तर पैसे किती दिवसांत आले, एवढं चार ओळींत लिहिलं तरी पुरतं. तीन स्टार द्यावेसे वाटले तर तीनच द्या.